हवापालट

बोल्झानोहून सुटलेली गाडी पाऊण तासात मेरानोला पोचली. फलाटावरच्या पाटीवर दोन नावे होती, इटालियन ‘मेरानो’ आणि जर्मन ‘मेरान’. आम्ही दोघे पंधरा वर्षे एकाच महाविद्यालयात शिकवीत आहोत. वर्गात काफ्का निघाला की आमच्या बोलण्यात प्रागचे अंधारे जिने आणि कचेऱ्या हटकून येतात. तो १९२० च्या एप्रिलमध्ये क्षयामुळे रजा घेऊन इथे आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला, हे वाचून ठाऊक होते. पण त्याला उन्हात बसलेला आम्ही कधी कल्पिला नव्हता.

आणि इथे ऊनच ऊन आहे. उत्तरेची टेक्सेल डोंगररांग थंड वारे अडवते, दक्षिणेला खोरे मोकळे होते. त्यामुळे मे महिन्यात वर शिखरांवर बर्फ आणि खाली रस्त्यात ताडासारखी झाडे, असा काहीसा अविश्वसनीय देखावा दिसतो. १८७० साली सम्राज्ञी एलिझाबेथ लेकीला घेऊन इथे राहिली आणि गावाचा लौकिक वाढला. पासर नदीच्या एका काठावर हिवाळ्यात फिरण्याची उन्हाची वाट, तर समोरच्या काठावर उन्हाळ्यासाठी सावलीची. डॉ. टापायनर यांच्या नावाची सुमारे चार किलोमीटरची वाट गावाच्या माथ्यावरून जाते. शरदात द्राक्षे खाऊन घेण्याचाही उपचार असे. सारे गावच दुखणाईतांच्या पावलांच्या मापाने आखलेले!

मराठीत यासाठी ‘हवापालट’ हा सोज्ज्वळ शब्द आहे. आमच्यापैकी एकाच्या घरात तो फार जपून उच्चारला जाई. आजोबांची धाकटी बहीण १९४० च्या सुमारास पाचगणीला ‘हवा पालटायला’ गेली, ती परतली नाही. क्षय हा शब्द घरात कोणी काढला नाही, आणि पुढे तिचे नावही.

काफ्का ज्या पेन्शन ओटोबर्गमध्ये उतरला होता, तिथे जेवणाच्या टेबलावरची मंडळी त्याच्या जर्मन उच्चारांवरून हा कुठला, याचा अदमास घेत. महायुद्धानंतर हा प्रदेश नुकताच इटलीच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे माणसाची भाषा विचारणे हे तेव्हा निरुपद्रवी कुतूहल नसावे. इथूनच तो मिलेनाला पत्रे लिहीत होता. ती त्याच्या एका कथेची चेक अनुवादक. तिने आपल्याला चेकमध्येच लिहावे असा त्याने आग्रह धरला; स्वतः मात्र जर्मनमध्ये लिहीत राहिला. हवा इतकी सौम्य, तरी झोप येत नाही ही तक्रार त्याच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. जूनअखेरीस तो निघाला तो थेट प्रागला न जाता व्हिएन्नाला, तिला भेटायला. १९२४ साली तो गेला, तोही एका आरोग्यधामातच.

नदीकाठी आता काचेचे प्रशस्त स्नानगृह आहे, २००५ मध्ये उघडलेले. तिथल्या धडधाकट गर्दीत आजारपणाचा मागमूस नव्हता. आम्ही आत गेलो नाही. हिवाळी वाटेवरच्या बाकावर बसलो, आणि बऱ्याच वेळाने आमच्यातला एक म्हणाला, की पाचगणीत आत्याआजी कुठल्या बंगल्यात होती, हे आपण वडिलांना कधी विचारलेच नाही. प्रागच्या माणसाचा पत्ता मात्र कागदावर लिहून, तो हातात धरून आम्ही सकाळपासून गाव पालथे घातले होते.