नाव घ्या, पण आपलं!

लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून आपल्याला किती आग्रह होतो, नाही? आपणही जरा लाजत, जरा मिरवत ह्यांचं नाव घेतो. पण मैत्रिणींनो, आपलं स्वतःचं पूर्ण नाव शेवटचं कुणी, कधी विचारलं होतं, आठवतंय? मला अगदी तारखेनिशी आठवतं. 4 फेब्रुवारी 2017, गोवा विधानसभेच्या मतदानाचा दिवस. फोंड्यातल्या मतदानकेंद्रात टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी यादी दोनदा चाळली आणि मान हलवली.

"अहो, पण माझ्याकडे कार्ड आहे!" मी पर्समधून काढून दाखवलंसुद्धा. कार्ड होतं म्हापशाच्या पत्त्याचं. बिऱ्हाड फोंड्याला हलवून आम्हांला तीन वर्षं झाली होती. म्हापशाला फोन लावला, तर आम्ही तिथे राहत नाही म्हणून तिथूनही नाव गाळलेलं. ह्यांचं नाव मात्र फोंड्याच्या यादीत होतं, कारण ह्यांनी अर्ज आणून स्वतःचा भरला होता. "तुझाही भरायचा होता गं, राहून गेलं," म्हणाले. गॅस, रेशनकार्ड, मुलाचा दाखला, सगळ्यांचे पत्ते मी हेलपाटे घालून बदलले होते हो! माझाच तेवढा राहिला. हे बोटाला शाई लावून घरी आले आणि मी कोरडं बोट घेऊन. दुपारी फोडणी घालताना डोळ्यांना पाणी आलं, ते मिरचीच्या ठसक्यानं, असं सासूबाईंना सांगितलं. त्यांना काही ते पटलं नसावं.

कारण त्या म्हणाल्या, "मी दाराआडून नाव सांगितलं होतं. तू तर शिकलेली!"

त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला, आणि 9 डिसेंबर 1963 ला तिथल्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जागा तीस. मगो पक्ष जिंकून भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, ती हीच निवडणूक. त्याआधी नावं लिहून घ्यायला माणूस घरी आला, तेव्हा थोरल्या दिरांनी सांगितलं, "लिहा, आमच्या धाकट्या भावाची बायको." तेवीस वर्षांच्या सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "मला नाव आहे." आता तेही एक नव्हतंच म्हणा. माहेरचं वेगळं आणि लग्नात तांदळांत लिहिलेलं वेगळं! त्यांनी सासरचं सांगितलं आणि ते यादीत चढलं. भारताच्या 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत "अमक्याची आई, तमक्याची बायको" एवढंच सांगितल्यामुळे सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली होती. सासूबाईंना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना फक्त राग आला होता.

माझ्या कोरड्या बोटाचा उपयोग सूनबाईच्या वेळी झाला. 2021 च्या मे महिन्यात ती सावंतवाडीहून आमच्या घरी आली. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर मी ह्यांच्यावर न विसंबता दोन अर्ज पुढ्यात घेतले, एक तिचा, एक माझा. तिनं माहेरचंच नाव ठेवलेलं. हे कुरकुरले, "यादीत तरी आपलं आडनाव लाव." खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. पण तिचे दाखले, आधारकार्ड, सगळं माहेरच्या नावानं. अर्जात नातेवाइकाचं नाव विचारतात, तिथे वडील, आई, नवरा, कुणाचंही चालतं. मग उगीच घोळ कशाला? जे कागदावर तेच अर्जावर. चौकशीला घरी आलेल्या बाईंनी तिच्याकडे पाहून "आणि ह्या कोण?" विचारलं, तेव्हा मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिनं स्वतःच सांगून टाकलं.

तेव्हा दुसऱ्या मतदारसंघात गेलं की नव्या मतदाराचाच 6 नंबरचा अर्ज भरावा लागे. ऑगस्ट 2022 पासून जागा बदललेल्यांनी 8 नंबरचा भरायचा. जुना पत्ता लपवू नका बरं का. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कार्ड हरवलं तर आधार, पॅनकार्ड, पासपोर्ट, बँकेचं फोटो असलेलं पासबुक यांतलं काही चालतं. यादीत नाव नसेल तर मात्र माझ्यासारखं परत यावं लागतं. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. यादी मोबाइलवर दिसते, नाहीतर 1950 या नंबरला फोन करा. आपलं नाव आपणच शोधा, "हे बघतील" म्हणू नका. हे स्वतःचं बघतात!

14 फेब्रुवारी 2022 ला आम्ही तिघी निघालो. ऐंशी उलटलेल्यांना घरी बसून मत देण्याची सोय होती, पण सासूबाईंनी ती धुडकावली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं. केंद्रातल्या अधिकाऱ्यानं त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं. घरात त्यांना सगळे "आई" नाहीतर "आजी" म्हणतात. ते नाव इतक्या मोठ्यानं मीही कितीतरी वर्षांनी ऐकलं. "मीच ती," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत पुढे गेल्या. बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती त्यांनी पुरती पाहून घेतली.

दुपारी पानावर बसल्यावर ह्यांनी विचारलंच, "काय आई, कुणाला दिलंत?"

सासऱ्यांचा ओढा महाराष्ट्रात विलीन होण्याकडे होता. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाची खूण होती फूल, आणि वेगळं राहण्याची दोन पानं. चौतीस हजारांवर मतांच्या फरकानं दोन पानं जिंकली, तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं म्हणे.

सासूबाईंनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "फूल की पानं, ते तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुला सांगते होय?"