मामा, अ‍ॅप फिक्स आहे का?

पोकरच्या अ‍ॅपवर नव्याने आलेल्या मराठी माणसाचं पहिलं भांडण ठरलेलं असतं: सिक्वेन्सपेक्षा कलर मोठा कसा? दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेल्यांना सिक्वेन्स मोठा हे बाळकडूच. माझ्या भाच्याने सत्तीपासून गुलामापर्यंतचा सिक्वेन्स लागला म्हणून सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याने किलवरचे पाच पत्ते दाखवून त्या उचलल्या. रात्री अकराला मला फोन. "मामा, या लोकांना पत्ते तरी कळतात का?"

हिशेब पोकरच्या बाजूने होता. तीन पत्त्यांत कलर १,०९६ प्रकारांनी लागतो आणि सिक्वेन्स ७२०. जे दुर्मीळ ते मोठं. पाच पत्त्यांत उलट होतं. सिक्वेन्सचे प्रकार १०,२०० आणि कलरचे ५,१०८. (आपल्या तीन पत्तीतही एक गंमत आहेच. ट्रेल ५२ प्रकारांनी येते, प्युअर सिक्वेन्स ४८. तरी वर बसवलीय ट्रेलला. तीन एक्के आपटल्यावर घरात जो आरडाओरडा होतो, त्यापुढे गणिताचं कोण ऐकणार?)

मी त्याच्या आधीपासून एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडवाल्या टेबलांवर खेळत होतो, त्यामुळे नातेवाइकांचा आणि ऑफिसचा तक्रार विभाग आपोआप माझ्याकडे आला. तक्रार बहुतेक एकच: अ‍ॅप फिक्स आहे. हातात दोन एक्के, समोरचा राजांच्या जोडीवर ऑल-इन, आणि शेवटच्या पत्त्यावर तिसरा राजा.

आता एक्के राजांना शंभरातून साधारण ब्याऐंशी वेळा हरवतात. म्हणजे अठरा वेळा मार खातात, आणि ते अठराच लक्षात राहतात. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून सरासरी एकदा येते. घरी पत्ते पिसून, वाटून, मध्ये चहा घेत खेळलं तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तेवढ्या एक्क्यांना अख्खी रात्र जाते. अ‍ॅपवर एका टेबलाला तासाला सत्तरच्या आसपास डाव पडतात आणि भाचा चार टेबलं उघडून बसायचा. त्याला तासाभरातच एक्के दिसायचे आणि आठवड्याभरात ते इतक्यांदा फुटलेले दिसायचे, की घरच्या खेळात तेवढं बघायला कित्येक दिवाळ्या गेल्या असत्या. एक्के पाच जणांसमोर शेवटपर्यंत गेले, तर जिंकायची शक्यता निम्म्याच्याही जरा खाली येते, हे सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. पटलं मात्र नाही. पत्ते प्रोग्रॅम वाटतो, आणि प्रोग्रॅम आपल्याला दिसत नाही, एवढा त्याचा मुद्दा मीही खोडू शकत नव्हतो.

माझं म्हणणं इतकंच होतं, की कंपनीला फिक्स करायची गरज काय? प्रत्येक पॉटमधून ती पाच टक्क्यांच्या आसपास रेक, म्हणजे आपला वाटा, उचलायची. त्याला वरची मर्यादा असायची, पण लहान टेबलावर ती क्वचितच आड यायची. सहा जण दोनदोनशे रुपये घेऊन बसले आणि सरासरी पॉट वीस रुपयांचा धरला, तर डावामागे रुपया, तासाला सत्तर. बाराशे रुपये सतरा-अठरा तासांत टेबलावरून नाहीसे, मग कोणी कितीही हुशार असो. तुम्हाला फक्त समोरच्यापेक्षा चांगलं खेळून भागत नाही. रेक भरून उरेल इतकं चांगलं खेळावं लागतं. राजावर राजा पडला तर लोक टेबल डोक्यावर घेतात, रेकबद्दल विचारायला मात्र माझ्याकडे कोणी आलं नाही.

त्यावर सरकारही होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. शंभर भरले की हिशेबाने ७८ रुपये १२ पैसे खेळायचे. अ‍ॅप उरलेले बोनस म्हणून परत दाखवायचं, आणि तो बोनस कसा सुटतो हा मेहुण्याचा आवडता संतापाचा विषय. सुटायचा थेंबाथेंबाने, जेवढा रेक भराल त्या प्रमाणात. जिंकून पैसे काढले तर वर्षाच्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस. गेल्या वर्षीचा तोटा यंदाच्या कमाईतून वजा करता येत नाही, हे सांगितल्यावर मेहुणा म्हणाला, "भावजी, म्हणजे हरलो तर मी एकटा, जिंकलो तर भागीदार?" मला उत्तर सुचलं नाही.

खास आपल्याकडची अडचण नावाची. पॅनवर वडिलांच्या नावासकट तिहेरी नाव, बँकेत आद्याक्षरं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. भरताना कोणी विचारायचं नाही, काढताना अडायचं. कस्टमर केअरला रोज नवा माणूस आणि रोज तोच फोटो पुन्हा पाठवा.

ऑफिसची मंडळी पणजीला गेली तेव्हा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर वेगळेच प्रश्न निघाले. प्रवेशाच्या पैशांत मिळालेली ओटीपी कुपनं, म्हणजे एकदाच लावता येणारी, बदलून रोख मिळत नाही, हे काउंटरवर कळल्यावर एक जण तिथेच भडकला. रूलेटला तर मी बसलोच नाही. ३७ घरं आणि नेमक्या आकड्याला ३५ पट. शून्याच्या त्या एका घरात कॅसिनोचे २.७ टक्के बसलेले असतात, आणि तिथे तुमच्यापेक्षा कच्चा खेळणारा कोणी नसतो. पोकरमध्ये निदान तो तरी असतो. गोवेकरांना या बोटींवर खेळायला २०२० पासून बंदी आहे, हे ऐकून आमचा ड्रायव्हर म्हणाला, "शहाणे आहेत."

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि माझ्या अ‍ॅपवर फक्त 'पैसे काढा' हे बटण उरलं. काढले, आले. भाचा फुकटच्या चिप्सवर थोडे दिवस खेळला. तिथे प्रत्येक जण प्रत्येक डावाला ऑल-इन जातो. त्याने कंटाळून सोडलं.

ऑफिसातल्या एकाने मात्र टेलिग्रामवरची परदेशी साइट धरली. पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस. हजाराचा बोनस काढण्याआधी त्याच्या तीसपट, म्हणजे तीस हजार लावायची अट होती. रूलेटवर तेवढ्यात सरासरी ८१० रुपये जातात, आणि रूलेट धरतच नाही असं खाली बारीक अक्षरांत. ते त्याला चाललं. पैसे काढायची विनंती अडकली तेव्हा तो माझ्याकडे आला.

"भरले कोणाला होते?" मी विचारलं. यूपीआयवर एकदा साडीच्या दुकानाचं नाव, पुढच्या वेळी कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी त्याला आधी बँकेत जायला सांगितलं आणि सायबर तक्रारीचा १९३० नंबर दिला.

"तिकडे सांगू काय? मलाच आत टाकतील."

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. मग त्याने जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून फोन लावला.