चालत नाही की चालू देत नाहीत? प्रोसेसर आणि जुन्या विंडोजची गोष्ट

१/ जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक धोरण जाहीर केले. यापुढे येणाऱ्या प्रोसेसरांवर विंडोजची फक्त अद्ययावत आवृत्तीच, म्हणजे तेव्हाची विंडोज १०, अधिकृतपणे चालणार होती. विंडोज ७ला सुरक्षा-अपडेट २०२० पर्यंत देण्याचे वचन होते. तरीही २०१७ मध्ये नव्या प्रोसेसरवर ती वापरणाऱ्यांचे अपडेट बंद झाले.

२/ ही घटना एवढी खटकली, कारण तिच्यामागे जवळजवळ चार दशकांची उलट परंपरा होती. इंटेलचा ८०८६ हा १६ बिटांचा प्रोसेसर १९७८ मध्ये आला. त्याचाच भाऊ ८०८८ हा १९८१ च्या आयबीएम पीसीत बसला आणि डॉसचे युग सुरू झाले.

३/ १९८५ मध्ये ३२ बिटांचा ८०३८६ आला. त्यात ८०८६ साठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवण्याची स्वतंत्र सोय ठेवलेली होती. वाडा नवा बांधला, पण जुने माजघर तसेच राखले, असा तो प्रकार होता.

४/ यामागे औदार्य नव्हते, व्यवहार होता. बँका आणि कचेऱ्यांनी पैसा ओतला होता तो प्रोग्रॅमांवर. २००१ मध्ये इंटेलने इटेनियम हा वेगळ्या रचनेचा प्रोसेसर आणला. जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत. २००३ मध्ये एएमडीने जुनी रचना कायम ठेवून ६४ बिटांचा प्रोसेसर दिला. बाजाराने एएमडीचा मार्ग स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी इंटेललाही त्या वाटेने यावे लागले.

५/ जुने सांभाळण्याची किंमतही खरी असते. विंडोज ७ आली २००९ मध्ये. यूएसबी ३ चे ड्रायव्हर तिच्यात मुळातच नव्हते, त्यामुळे काही नव्या संगणकांवर ती बसवताना कीबोर्ड आणि माऊससुद्धा ओळखले जात नसत. कंपनीची अडचण अगदीच काल्पनिक नव्हती.

६/ परंतु २०१७ मध्ये अपडेट थांबले ते प्रोसेसरच्या असमर्थतेमुळे नव्हे. विंडोज आधी प्रोसेसर कोणता आहे हे तपासत असे आणि तो नवा आढळला, तर अपडेट नाकारत असे. ‘चालत नाही’ आणि ‘चालू देत नाहीत’ यांतला भेद इतिहासाच्या अभ्यासकाने नेमका टिपला पाहिजे. २०२१ मध्ये विंडोज ११ने हीच तपासणी उलट्या दिशेने केली. तेव्हा दाराबाहेर राहिले ते जुने प्रोसेसर.

७/ इतिहासाला याच्याशी काय कर्तव्य? मोडीतला कागद लिपी शिकून वाचता येतो. संगणकातल्या दस्तऐवजाला मात्र प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रॅम आणि फॉन्ट अशी पूर्ण साखळी लागते. युनिकोडपूर्व काळात खास फॉन्ट वापरून जुळवलेला मराठी मजकूर आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. १६ बिटांचे विंडोज प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. कडी एक तुटली तरी पुरावा मुका होतो.

८/ मार्ग अगदीच बंद झालेला नाही. एम्युलेटर नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राची नक्कल उभी करतो. १६ बिटांची जुनी सोय प्रोसेसरमधून काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ मध्ये मागे घेतला. त्यामुळे या घराण्यातले प्रोसेसर आजही सुरू होताना क्षणभर १९७८ च्या रूपात जागे होतात.

९/ हे माजघर किती काळ राखायचे, हे मात्र ठरते कंपन्यांच्या बैठकीत. अभिलेखागाराला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून घरातल्या, मंडळातल्या, ग्रंथालयातल्या जुन्या फायली वेळीच नव्या डिस्कवर उतरवाव्यात. सोबत त्यांचा फॉन्ट आणि प्रोग्रॅमही ठेवावा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नुसती फाईल जपली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ बंद पेटी लागेल.