शुकाचा अंगभार

मराठी वाङ्मयात पोपटाला आवाज भरपूर मिळाला, शरीर मात्र फारसे मिळाले नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो, त्याला नाव देणाऱ्या बाणभट्टाच्या ग्रंथातली कथा शूद्रक राजाच्या दरबारात वैशंपायन नावाचा पोपट सांगतो. ‘शुकसप्तती’तला पोपट घरधनी परगावी गेला असता त्याच्या पत्नीला रोज रात्री एक गोष्ट सांगून उंबऱ्याच्या आत थोपवून धरतो; तोच पुढे ‘शुकबाहत्तरी’ होऊन मराठीत आला. भागवताचा वक्ताही नावाने शुकच. बोलीत आलो तरी पोपटपंची आहे, विठू विठू आहे, मिठू मिठू आहे. भाषेने पोपटाचा घसा तेवढा उचलला आणि बाकीचा पक्षी पिंजऱ्यातच ठेवून दिला.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो एम. ए.च्या वर्गात शिकवताना हमखास निसटतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी या अर्थाच्या श्लोकांवर भाष्य करताना ज्ञानदेवांनी नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त दिला आहे. पारध्याने फिरती नळी टांगलेली असते. पोपट तिच्यावर बसतो, नळी गर्रकन उलटी फिरते, पोपट खाली डोके वर पाय असा लोंबकळतो. वास्तविक त्याला कोणीही बांधलेले नसते. पाय सोडले की तो उडू शकतो. परंतु आपण अडकलो या समजुतीने तो नळी अधिकच घट्ट आवळतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत भ्रम, अविद्या, जीवदशा इत्यादी लिहून मोकळे होतात (आणि आम्हीही गुण देऊन मोकळे होतो). पण ती नळी मुळात फिरली कशाने? ज्ञानदेव स्पष्ट सांगतात : शुकाच्या ‘आंगभारें’. पारध्याचा सापळा चालतो तो पोपटाच्याच वजनावर.

या एका शब्दाकडे माझे लक्ष वळले ते महाबळेश्वरच्या एका पोपटामुळे.

माझी मावशी महाबळेश्वरला राहते. तिच्याकडे राजा नावाचा अ‍ॅमेझॉन पोपट आहे. निळ्या कपाळाचा, पिवळ्या गालांचा, आपल्या कंठवाल्या पोपटाच्या तिप्पट-चौपट ऐवज असलेला. ही जात मूळची ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागातली. काकांच्या एका पुण्याच्या मित्राने १९९८ साली कायमचे परदेशी जाताना तो यांच्या हवाली केला. काकांना मूलबाळ नव्हते, निवृत्ती जवळ आली होती आणि महाबळेश्वरचा पावसाळा माणसाला कोणाशी तरी बोलायला लावणारा असतो. जूनपासून चार महिने घरांभोवती गवताच्या झडपा बांधायच्या, दिवे दुपारीच लावायचे आणि धुक्यात समोरचे घर आहे हे गृहीत धरून चालायचे. अशा घरात राजा वाढला. काका रोज संध्याकाळी पाच वाजता चहा घेत आणि डब्यातला काजू त्याच्यापुढे धरून म्हणत, “घे रे राजा.”

काका २०१६ साली गेले. राजा मात्र पाच वाजले की काकांच्या आवाजात, खाकरण्यासकट, “घे रे राजा” म्हणतच राहिला. हे ऐकल्यावर मावशीने काय करावे, अशी अपेक्षा कोणी ठेवावी? ती डबा उघडी. आधी एक काजू, मग दोन, मग तो जितक्यांदा म्हणेल तितके. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी तुपाची पोळी, अधूनमधून शेंगदाण्याची चिक्की आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया ही तर रोजचीच. काजू-शेंगदाण्यांत आणि सूर्यफुलाच्या सोललेल्या बीत जवळजवळ निम्मी चरबीच असते, हे आम्हांला पुढे कळले. कोणाही पाहुण्याने राजाकडे पाहिले की तोंडातून एकच शब्द निघे : “कसा गुबगुबीत आहे!”

येथे भाषेच्या अभ्यासकांनी जरा थांबावे. लठ्ठपणाविषयी मराठी माणसांच्या बाबतीत काय हवे ते बोलते, पण लाडक्या जिवाच्या बाबतीत तिच्याजवळ निंदेचा शब्दच नाही. मूल बाळसे धरते, सून माहेरी जाऊन अंगाने भरते, खात्यापित्या घरचा माणूस लगेच ओळखू येतो. उलट ‘वाळला’, ‘सुकला’, ‘रोडावला’, ‘हाडे वर आली’ यांत केवळ वर्णन नसते, घरच्या बाईवर ठेवलेला ठपका असतो. दुष्काळाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या आठवणीतून आलेला हा शब्दसंग्रह आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु अशा शब्दांनी पक्ष्याकडे पाहिले की आजारी पक्षी निरोगी दिसू लागतो.

२०२२च्या नोव्हेंबरात राजा दांडीवर बसल्या बसल्या धापा टाकू लागला, तेव्हा मी आणि मावशी त्याला पसरणीच्या घाटाने खाली उतरवून पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी त्याला काट्यावर ठेवले : ५६२ ग्रॅम. या जातीचा पोपट साधारणपणे चारशे ग्रॅमच्या आसपास, थोडा खाली किंवा वर. पण आकडा सांगून ते थांबले नाहीत, आणि मला ते फार आवडले. त्यांचे म्हणणे असे की, चारशे हा ‘राजा’चा आकडा असेलच असे नाही, एकाच जातीत लहान चणीचे आणि मोठ्या चणीचे पक्षी असतात, आणि अ‍ॅमेझॉन म्हटल्या जाणाऱ्या इतर कित्येक जातींत तर पाचशेच्या वरचे वजनही निकोप असू शकते. खरी परीक्षा बोटांची. पक्ष्याच्या छातीच्या मधोमध हाडाची एक उभी कड असते. निकोप पक्ष्यात ती बोटाला सहज लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचा गोलसर भराव असतो. ती सुरीसारखी टोचू लागली तर पक्षी खंगला आहे. लागेचना तर तो चरबीत बुडाला आहे. त्यांनी मावशीचे बोट धरून राजाच्या छातीवरून फिरवले. हाड सापडले नाही. मग पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला करून त्यांनी कातडीखालचा पिवळा थर दाखवला. अ‍ॅमेझॉन पोपट लठ्ठपणाकडे झुकणारे म्हणून ओळखलेच जातात. यकृतात चरबी साठते, रक्तवाहिन्या जाड होतात आणि केवळ बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते ते वेगळेच.

मावशी म्हणाली, “डॉक्टर, पण तो सुखात आहे हो. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं असतं. कधी गेला नाही. हे म्हणायचे, माया लागली आहे त्याला.”

डॉक्टर वयाने तरुण होते. क्षणभर घुटमळून म्हणाले, “आजी, तो जात नाही असं नाही. त्याला उडता येत नाही.”

परतीच्या वाटेवर वाईपर्यंत कोणी काही बोलले नाही. ज्ञानदेवांच्या पोपटाला उडता येत असते, येत नाही असे त्याला वाटते. आमच्या पोपटाला उडता येत नव्हते, आणि तो राहतो आहे असे आम्हांला वाटत होते. दोघांच्याही पायांत बेडी नाही. दोघांनाही धरून ठेवले ते अंगभाराने. मात्र पहिल्या पोपटाचे वजन त्याचे स्वतःचे होते. दुसऱ्याचे चोवीस वर्षे, रोज पाच वाजता, प्रेमाने चढवलेले होते. वेदान्ताच्या दृष्टीने ही तुलना ताणलेली आहे याची मला जाणीव आहे. दृष्टान्ताचा रोख जिवाच्या भ्रमावर आहे, आहारावर नाही. पण उपमान म्हणून उचललेली वस्तू उपमेयाचे काम करून झाल्यावरही शिल्लक उरतेच, आणि त्या उरलेल्या भागाकडे पाहण्याचा हक्क वाचकाला असावा असे मला वाटते.

आहार बदलणे हे काही पथ्याचा कागद भिंतीला लावून भागणारे काम नव्हे. बियांवर वाढलेला पोपट दुसऱ्या पदार्थाला अन्न म्हणून ओळखतच नाही, आणि आधीच यकृत चरबीने भरलेल्या पक्ष्याला उपाशी ठेवणे जिवावर बेतू शकते. म्हणून बिया हळूहळू कमी, तयार गोळीखाद्य हळूहळू जास्त. जोडीला गाजर, लाल भोपळा, पालक, ढोबळी मिरची. महाबळेश्वरात गाजराला काय तोटा? स्ट्रॉबेरीही चालते, पण चवीपुरती. तिखट हिरवी मिरची तो पूर्वीपासून खात असेच. पक्ष्यांना मिरचीची आग जाणवत नाही, त्यामुळे पोपटाला मिरची देणाऱ्या आपल्या आज्या या एका बाबतीत अगदी बरोबर होत्या. चहा-बिस्किट बंद. चॉकलेट आणि अव्होकाडो यांना तर पोपटाच्या घरात थारा नको, ती विषेच.

आणि रोजचे वजन. भिलारच्या एका शेतकरी बाईंनी स्ट्रॉबेरीच्या डब्या भरायचा आपला जुना काटा मावशीला दिला. त्यावर लाकडाची दांडी ठेवायची, आकडा शून्य करायचा, आणि राजाला दांडीवर चढवायचे. सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्यापूर्वी, रोज त्याच वेळी. आकडा किराण्याच्या हिशेबाच्या वहीत. हा खटाटोप लठ्ठ पक्ष्यापुरताच नाही. पक्षी आजार लपवतो. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकार होतो, आणि ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. पिसांच्या आत तो अर्धा झाला तरी बाहेरून तसाच दिसतो. बादशहाचा पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, ही बिरबलाच्या गोष्टीतली यादी आपण लहानपणापासून ऐकत आलो. पक्ष्याच्या आजाराची लक्षणे माणसाला दिसू लागतात तेव्हा बहुधा तो त्या यादीच्या शेवटाजवळ आलेला असतो. दहा टक्के वजन घटणे ही धोक्याची घंटा, आणि ती काट्याशिवाय ऐकू येत नाही.

याचा प्रत्यय २०२४च्या पावसाळ्यात आला. राजा तोवर ४७८वर उतरला होता, बडबड जोरात होती. आठवड्यात आकडा ४४४वर आला. मावशीला आधी आनंदच झाला, मग तिने वही चाळली आणि मला साताऱ्याला फोन केला : “अगं, हे उतरणं नाही, हे पडणं आहे.” श्वसनमार्गात बुरशीचा संसर्ग सुरू झाला होता. दमट हवा आणि जुनी जीवनसत्त्वाची तूट यांची ही जोडी पोपटांच्या डॉक्टरांच्या ओळखीची असते. लवकर कळले म्हणून औषधाने निभावले. ‘उतरणे’ आणि ‘पडणे’ यांतला हा भेद मी व्याकरणाच्या कोणत्याही तासाला इतक्या नेमकेपणाने मांडलेला नाही.

त्याच वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट घरात ठेवणे गुन्हा आहे, हे पिंजरेवाल्या अनेक घरांना आजही ठाऊक नाही. परदेशी पोपटांना २०२२ची दुरुस्ती येईपर्यंत या कायद्यात जागा नव्हती. २०२४च्या नियमांनी ती नोंदणी सक्तीची केली. अर्ज मी भरला. आमच्या अंगणातल्या सिल्व्हर ओकवर निळ्या पंखांचे पोपट येतात. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नसलेले ते पक्षी कोणत्याही नोंदवहीत नाहीत, आणि दिवसाचे कितीतरी तास अन्नासाठी उडत असल्यामुळे त्यांच्या छातीचे हाड कोणाला चाचपावे लागत नाही. राजाच्या रानातल्या भाईबंदांचेही तेच असणार.

राहिला पाचचा प्रश्न. काकांचा आवाज बंद करणे कोणाच्या हाती नव्हते, आणि तो यावा आणि डबा उघडू नये, हे मावशीकडून होणे नव्हते. डॉक्टरांनी तडजोड सुचवली : एका काजूचे आठ तुकडे करावेत, त्यांतला एकच द्यावा, आणि तोही हातात न देता खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगून ठेवावा. पहिले काही महिने राजा जमिनीवरून तुरूतुरू चालत जाई. मग खुर्चीवरून खुर्चीवर उड्या मारू लागला. यंदाच्या मार्चमध्ये तो खिडकीपासून फडताळापर्यंत उडाला. बारा-तेरा फूट असतील. वजन ४५२, छातीचे हाड आता बोटाला लागते. दार मात्र मावशी त्या दिवसापासून लावून ठेवू लागली.

मावशीचे वय चौऱ्याहत्तर. अ‍ॅमेझॉन पोपट पन्नास वर्षे सहज जगू शकतो, म्हणजे राजाची अजून निम्मी वाट बाकी आहे. पुढचे काय ते आमचे ठरले आहे. साताऱ्याला माझ्या घराची गॅलरी जाळीने बंद करून घेतली आहे. वही पुढे माझ्याकडे येणार म्हणून तिने तिच्या पहिल्या पानावर, आकड्यांच्याही आधी, आपल्या अक्षरात लिहून ठेवले आहे : संध्याकाळी पाच. एक अष्टमांश काजू. म्हटल्यावरच द्यावा.