मंडळ आणि मंडळी

2012 च्या जूनमध्ये बदलीचा हुकूम खिशात घालून आम्ही बंगळूरला आलो आणि इंदिरानगरात बिऱ्हाड केले. परमुलखात गेलेला मराठी माणूस भांडी लावून झाली की मंडळ शोधू लागतो; जवळपास नसले तर स्वतःच काढतो. आम्हीही भाद्रपदात मोटार रस्त्यावर उभी करून गॅरेजमध्ये गणपती बसविला. सात कुटुंबे जमली. झांजा अपुऱ्या पडल्या, खुर्च्या तर मुळीच नव्हत्या. त्या शेजारच्या घरातून आल्या. बारा खुर्च्या, आणि प्रत्येकीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगाने काढलेला लहानसा क्रूस!

शेजारी दर रविवारी सायंकाळी काही ख्रिस्ती कुटुंबे उपासनेला जमत. बंगळूरच्या या पूर्वभागात परप्रांतीयांची रीघ लागली ती काही आजची नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली विमानांचा कारखाना काढला तो येथून जवळच. छावणीत जुनी चर्चेही पुष्कळ आहेत. परंतु तेथे तमिळ, कानडी, इंग्रजी अशा भाषावार उपासना चालतात आणि बाके पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची असतात. नोकरीसाठी केरळातून, आंध्रातून, नागालँडातून आलेल्या या तरुणांना आपलेसे बाक कोठून मिळणार? म्हणून कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत चार कुटुंबे, एक गिटार आणि एक भाताचे पातेले एवढ्यावर आरंभ झाला. पुढे त्यांतल्या एकाला विषमज्वर झाला. तीन आठवडे इस्पितळातील रात्री सर्वांनी वाटून घेतल्या. तो बरा होऊन आला तेव्हा वर्गणीची वही घातली गेली आणि महिन्यातून एकदा पाळकही येऊ लागले. आमच्या मते मंडळी खरी जन्मली ती त्या इस्पितळात; वही नंतरची.

दोन वर्षांत माणसे साठाच्या घरात गेली. गल्लीत वाहने मावेनात, गाणी दहापर्यंत चालत. शेजाऱ्यांनी तक्रार करण्याचे ठरविले, आणि अर्जाचा मसुदा साहजिकच आमच्याकडे आला. आयुष्य मसुदे करण्यातच गेलेले. 'निवासाच्या जागेचा अन्य कारणासाठी वापर' हे कलम लिहिताना आमचे गॅरेज डोळ्यांपुढे आले, नाही असे नाही. आम्ही पुढच्या कलमाकडे वळलो आणि खाली सही केली.

त्यानंतरच्या एका रविवारी भिंतीपलीकडून मराठी शब्द ऐकू आले. उच्चार मल्याळी होते, पण पद रेव्हरंड टिळकांचे होते. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. 1917 साली 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बरोबर घेऊन. 'स्मृतिचित्रे' आम्ही चार वेळा वाचले आहे, आणि टिळकांची माणसे आपल्या भिंतीला भिंत लावून राहत असतील हे एकदाही मनात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पद शिकविणारी मुलगीच दारात उभी राहिली. नगरकडची, इस्पितळात परिचारिका. आजीकडून पाठ केलेल्या पदातील एक शब्द तिला अडला होता. तो सांगून झाल्यावर तिने पर्समधून एक कागद काढला.

"काका, घरमालकांना आमच्याविरुद्ध अर्ज आलाय. त्यांनी ही नक्कल दिली, सह्यांचं पान नाही दिलं. तुम्ही कचेरीतले. उत्तर लिहून द्याल?"

आम्ही ते लिहून दिले. त्या अर्जातील कोणते कलम कोठे लंगडे आहे हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? उत्तर चांगले उतरले. ती आभार मानीत राहिली, सौभाग्यवतींनी चहा ठेवला, आणि सांगायचे ते आम्ही सांगितले नाही.

घरमालकांचे समाधान झाले नाही. मंडळी एका शाळेच्या दिवाणखान्यात गेली. आता दोनशेवर माणसे असतात म्हणे. जाताना त्यांनी खुर्च्या आमच्याकडेच ठेवल्या, गणपतीला लागतील म्हणून. दर भाद्रपदात त्या आम्ही स्वतः पुसून मांडतो, पाठी भिंतीकडे करून.