फुंकर

पूर्वी रत्नागिरीच्या घराघरांतून तिन्हीसांजेच्या आधी एक काम ठरलेले असे. खुंटीवरचे कंदील खाली घ्यायचे, त्यांच्या काचा अलगद काढायच्या आणि चुलीतील मऊ राख जुन्या कापडावर घेऊन त्या लख्ख पुसायच्या. काचेच्या तोंडातून आत जाईल असा हात लहान मुलाचाच असे. म्हणून हे काम बहुधा मुलांच्या वाट्याला येई. एखादा डाग निघेना, तर मूल काचेवर तोंडाने वाफ सोडी आणि पुन्हा पुसू लागे. आषाढातला वारा समुद्रावरून घोंघावत पडवीत शिरला, म्हणजे त्या पातळ काचेची थोरवी कळे. बाहेर माडांच्या झावळ्या झोडपून निघत. आत ज्योत मात्र स्थिर उभी राही.

फुंकरीने दिवा विझतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या दिव्याचे रक्षण करणारी काचही फुंकरीतूनच जन्माला येते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. कंदील पुसणाऱ्या मुलाच्या आधी त्या काचेत दुसऱ्या कुणीतरी आपला श्वास ओतलेला असे. तो माणूस म्हणजे काच फुंकणारा कारागीर.

काच वाळूपासून होते, हे किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला प्रथम खरेच वाटत नाही. मात्र प्रत्येक वाळू त्या कामी येत नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळसर वाळू दिसते, तिच्यात लोहयुक्त खनिजे असतात, आणि लोहाचा अंश काचेला हिरवट रंग आणतो. स्वच्छ काचेला पांढरी सिलिका वाळू हवी. तशी वाळू कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सापडते. हा भाग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला, तरी १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता. नुसती वाळू वितळवायची, तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तिच्यात सोडा मिसळला, की ती कमी उष्णतेत वितळते. आणि पाण्याने काच झिजू नये म्हणून चुनखडी घालतात. तरीही भट्टी १४०० अंशांच्या वर तापवावी लागते.

या भट्टीपुढे कारागीर उभा राहतो. त्याच्या हातात पुरुषभर उंचीची लोखंडी पोकळ नळी असते; चुलीजवळच्या फुंकणीची ती जणू थोरली बहीणच. नळीचे टोक वितळलेल्या काचेत बुडवून तो मधासारखा दाट, लालबुंद गोळा उचलतो. त्या क्षणापासून त्याच्या हाताला विसावा नाही. नळी फिरवणे थांबले, की गोळा एका बाजूला ओघळलाच! गोळा पाट्यावर लोळवून तो सारखा करतो आणि मग नळीत हलकेच फुंकतो. येथे छातीच्या जोराचे काम नसते. श्वास जोराने सुटला, तर काच जेथे अधिक तापलेली असेल तेथे पातळ होऊन फाटते. श्वास अपुरा पडला, तर ती जाड व बेढब राहते. आणि विचार करायला वेळ तरी कोठे असतो? थोड्याच अवकाशात काच घट्ट होऊ लागते. मग तो गोळा ओल्या साच्यात धरून, नळी फिरवीत पुन्हा फुंकतो. साच्यातील पाण्याची वाफ होते व ती काचेला साच्याच्या भिंतीस चिकटू देत नाही.

एवढ्याने काम संपत नाही. तयार झालेली वस्तू उघड्यावर ठेवली, तर ती बाहेरून लवकर निवते व आतून तापलेलीच राहते. हा ताण पोटात घेऊन ती वरून धड दिसते, पण पुढे केव्हातरी आपोआप तडकते. म्हणून तिला दुसऱ्या भट्टीत हळूहळू थंड करतात. जे फुटते, तेही वाया जात नाही. फुटकी काच नव्या मिश्रणात घातली, म्हणजे ते लवकर वितळते. कारागिराची कालची चूक अशी आजच्या कामास साहाय्य करते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशातील दिव्यांच्या चिमण्या आणि बांगड्या बहुतेक परदेशांतून येत. ही विद्या येथे रुजावी, म्हणून अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा जमवण्याची कल्पना काढली. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची धुरा वाहिली, आणि तेथे विद्यार्थ्यांना काचकामाचे शिक्षणही मिळू लागले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्या ठिकाणालाच ओगलेवाडी हे नाव पडले. तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तो कारखाना आता बंद पडला आहे. पण कंदिलाचे नाव वडीलधाऱ्यांच्या ओठी अजून आहे.

पैसा देणाऱ्या असंख्य माणसांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत. काच फुंकणाऱ्यांचीही नाहीत. काचेचा गुणच असा, की ती जितकी चांगली, तितकी कमी दिसते. तिच्या कारागिराच्या वाट्यालाही हेच आले. इतकेच नव्हे, तर वर्षानुवर्षे धगधगत्या भट्टीकडे पाहून अशा कामगारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होत असे, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. दुसऱ्याच्या घरातील उजेड जपणाऱ्याची दृष्टी अशी हळूहळू अंधुक होई! आता डोळ्यांच्या रक्षणासाठी विशेष चष्मे मिळतात. बाटल्या आणि बरण्या यंत्रेच दाबलेल्या हवेने फुगवतात. तरी मानवी श्वासाची गरज सरलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत संशोधकाला जगावेगळ्या आकाराचे पात्र हवे असते, तेव्हा कुशल कारागीरच ज्योतीवर काच तापवून ते घडवतो.

आज रत्नागिरीत विजेचे दिवे आहेत आणि जुना कंदील माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. क्वचित एखादे मूल तो खाली काढते, काचेवर वाफ सोडते आणि सदऱ्याच्या टोकाने पुसते. ती वाफ पाहता पाहता विरून जाते. परंतु कधीकाळी भट्टीपुढे उभ्या असलेल्या त्या अनामिकाचा श्वास विरला नाही. काचेचा तो गोल, सुबक आकार म्हणजे त्याचाच श्वास होय.