डोळे आपले, दिवा कोणाचा?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा धम्मवर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले, की अर्धा तास गप्पा होतात. एका रविवारी मी सहज विचारले, "बाबासाहेबांच्या कोटाचा रंग कोणता?"

पंचवीस-तीस मुले एका सुरात ओरडली, "निळा!"

मी म्हटले, "समोर बघून सांगा."

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. वर्गणी काढून मोठा करून घेतलेला, जुना, काळा-पांढरा. मुलांनी नीट पाहिले आणि पुन्हा म्हणाली, "निळाच!" शेवटी सहावीतला एक मुलगा चाचरत म्हणाला, "ताई, फोटोत तर काळा दिसतोय. पण निळाच आहे ना?"

मुले हसली. मीही हसले. पण घरी येताना तो प्रश्न माझ्या मागे लागला. फोटोत रंग नाही, तरी मुलांना रंग दिसतो. म्हणजे माणूस नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. त्या निळ्याने पुढे पुतळे रंगवले गेले, कॅलेंडरे छापली गेली, जयंतीच्या कमानी उभ्या राहिल्या. किती पेंटरांनी, किती मूर्तिकारांनी आपल्या डोळ्यांत तो रंग भरला असेल! आता काळा-पांढरा फोटो समोर ठेवला, तरी आपण निळाच पाहतो.

यात वाईट काही नाही. उलट, माझ्या आईची गोष्ट ऐकली तर यातले सामर्थ्य कळेल.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा आई सहा वर्षांची होती. गावची माणसे दीक्षा घेऊन परतली, तेव्हा आजीने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीला सोडून दिले. देव्हाऱ्याची जागा रिकामी झाली. आई सांगते, "काही दिवस त्या कोनाड्याकडं बघायची भीती वाटायची. मग तुझ्या आजोबांनी दोन तसबिरी आणल्या. एक भगवंताची, एक बाबांची."

आईला अक्षर कधी आले नाही. पण रोज सकाळी उठल्यावर तिला पहिल्यांदा दिसायचा तो कोट-टायमधला, हातात पुस्तक असलेला आपला माणूस. ज्या समाजाला महाडच्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातल्या एका पोरीच्या मनावर त्या कोटाचा आणि पुस्तकाचा काय परिणाम झाला असेल? तिने आम्हा चारही भावंडांना शाळेत घातले. मी बी. कॉम. झाले, कारकून झाले. लोक म्हणतात, आईला शिक्षणाचे महत्त्व कोणी पटवून दिले? मला वाटते, त्या तसबिरीनेच दिले. भाषण ऐकण्याआधी, पुस्तक वाचण्याआधी तिचे डोळे शिकले होते.

आणि तिचे कान! आईला किती गाणी पाठ आहेत, याची मोजदाद नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यानंतर वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आणि त्यांच्या बरोबरीचे कितीतरी शाहीर-गायक वस्त्यावस्त्यांतून गात राहिले. आईच्या पिढीने बाबासाहेबांचे चरित्र वाचले नाही, ऐकले. महाड, काळाराम, येवला, नागपूर हा सारा इतिहास चालीवर बसून तिच्या डोक्यात गेला. जात्यावर, निंदणीला, लग्नाच्या मांडवात ती गाणी म्हणायची. एखादे गाणे दोन-तीनदा ऐकले, की ते तिचे झाले.

मग आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला. भीमगीतांच्या कॅसेटींनी फळी भरली. मला फार आनंद झाला होता. एक बटण दाबले, की गाणे हजर. पण आता मागे वळून पाहते, तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. कॅसेटवरची गाणी मी आईपेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकली, पण तिच्याइतकी मला पाठ नाहीत. कारण सरळ आहे. तिला माहीत होते, की आज लक्षात ठेवले नाही तर गाणे गेले. मला माहीत होते, की कॅसेट फळीवर आहे. आज तर मला आमच्या ह्यांचा मोबाइल नंबरही पाठ नाही! साधन आपले काम हलके करते, पण जे काम त्याच्यावर सोपवले, त्याची मनाला असलेली सवय घेऊन जाते.

ही गोष्ट आपल्या धम्माच्या इतिहासातही आहे. तथागतांची वचने सुरुवातीला लिहिलेली नव्हती. ती पाठ करून सांगणारे भिक्खू असत, त्यांना भाणक म्हणत. पाली सुत्तांत तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, याचा वाचताना आपल्याला कंटाळा येतो. पण ती वाचण्यासाठी नव्हती, तोंडपाठ राहण्यासाठी होती. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळी, तिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले.

मग पाठांतर तेवढे चांगले आणि यंत्र वाईट, असे म्हणायचे का? नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या मौखिक परंपरेची चिकित्सा केली आहे. एवढे प्रचंड साहित्य पाठ ठेवताना चुका होणारच, हे त्यांनी ओळखले होते. प्रत्यक्ष बुद्धांच्या हयातीत त्यांच्या बोलण्याचा विपर्यास झाल्याची पाच उदाहरणे त्यांनी दिली आहेत. म्हणून बुद्धांच्या नावावर जे सांगितले जाते, ते बुद्धीला आणि तर्काला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाचे आहे का, हे तपासून मगच ते बुद्धवचन माना, अशी कसोटी त्यांनी आपल्या हाती दिली.

हा भाग मी वाचला होता. वर्गात शिकवलाही होता. तरी माझ्या हातून जे घडले, ते आज सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलवर एक चित्र आले. निळी पार्श्वभूमी, बाबासाहेबांचा करारी चेहरा आणि खाली शिक्षणाविषयीचे एक सुंदर वाक्य. वाचून अंगावर शहारा आला. मी ते दहा जणांना पाठवले. तेवढ्यावर थांबले नाही. आमच्या वर्गातली आठवीतली एक मुलगी जयंतीनिमित्तच्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणार होती. तिच्या भाषणाचा शेवट त्या वाक्याने करायचा, असे मीच तिला सांगितले.

मुलगी छान बोलली. टाळ्या पडल्या. मग परीक्षकांनी प्रेमाने विचारले, "बाळ, हे बाबासाहेबांचे वाक्य कोणत्या ग्रंथातले? कोणत्या भाषणातले?" मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. सभागृहात कोणीतरी हसले. ती कशीबशी म्हणाली, "आमच्या ताईंनी दिलंय." आणि रडत जागेवर जाऊन बसली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी त्यासाठी आपले आयुष्य झिजवले. आमच्या विहाराच्या कपाटात त्यातले बरेचसे खंड आहेत, मराठी भाषणांच्या अठराव्या खंडाचे तिन्ही भाग आहेत. पुढचे दोन महिने मी संध्याकाळी ते चाळत राहिले. ते वाक्य मला कुठेही मिळाले नाही.

मी कारकून आहे. आमच्या कार्यालयात चहापाण्याच्या चाळीस रुपयांची नोंदसुद्धा पावती असल्याशिवाय मी करीत नाही. साहेबांनी तोंडी सांगितले तरी म्हणते, "साहेब, व्हाउचर लागेल." आणि माझ्या बापाहून थोर असलेल्या माणसाच्या नावावर एक अख्खे वाक्य मी पावती न मागता जमा करून टाकले! असे का झाले? कारण वाक्यावर तो चेहरा होता. ज्या चेहऱ्याने माझ्या आईला शाळेचा रस्ता दाखवला, तोच पाहून माझी तपासणी थांबली. ज्याने कोणी ते चित्र बनवले, त्याला बाबासाहेब ठाऊक असोत वा नसोत, माझे डोळे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

त्यानंतर वर्गात मी एक प्रयोग केला. १९५५ साली बीबीसीने घेतलेल्या बाबासाहेबांच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मुलांना ऐकवले. संथ, इंग्रजीत बोलणारा, वयस्कर आवाज. दोन-तीन मुले ठामपणे म्हणाली, "ताई, हा बाबासाहेबांचा आवाज नाहीच." त्यांनी ऐकला होता तो मालिकेतल्या नटाचा भारदस्त आवाज. खरा आवाज त्यांना खोटा वाटला! आता तर संगणकाच्या करामतीने फोटोतले बाबासाहेब ओठ हलवून बोलतात, आणि जो कोणी ते बनवील, त्याच्या मनातले बोलतात. आज विनोद म्हणून आपण पाहतो. उद्या निवडणुकीच्या धामधुमीत कोणी बाबासाहेबांच्या तोंडी काहीही घातले, तर आपली मुले काय करतील?

गेल्या हिवाळ्यात आम्ही वर्गातल्या मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलो. आईही हट्टाने आली. दहाव्या लेणीत शिरलो. ही इथली सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक, इसवी सनापूर्वीची. आत मोठा स्तूप. मुले विचारू लागली, "बुद्धांची मूर्ती कुठे आहे?" मी सांगितले, की त्या काळी बुद्धांची मूर्ती करीत नसत. सांची, भरहुतची त्या काळची शिल्पे पाहा, त्यांतही रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा एवढेच दिसेल. याच लेणीच्या भिंतीवर बोधिवृक्षाला वंदन करणाऱ्या राजाचे आणि त्याच्या परिवाराचे चित्र आहे, आता फार पुसट झालेले. त्या काळच्या माणसाला झाड पाहिले, की बुद्ध दिसत. मूर्ती पुढे आल्या, गांधार आणि मथुरेच्या कलाकारांनी घडवल्या. आज आपल्याला मूर्तीशिवाय बुद्ध दिसत नाहीत. डोळे तेच, पण काळाने त्यांना वेगळे शिकवले.

नंतर पहिल्या लेणीत गेलो. गाभाऱ्यात धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली भव्य बुद्धमूर्ती आहे. वाटाड्याने विजेरी काढली. समोरून प्रकाश टाकला, तेव्हा चेहरा ध्यानस्थ दिसला. एका बाजूने टाकला, तर ओठांवर स्मित आले. दुसऱ्या बाजूने टाकला, तर तोच चेहरा गंभीर झाला. मुले "वा!" म्हणाली. सगळ्यांची माना वाटाड्याच्या हाताबरोबर वळत होत्या.

आई मात्र मूर्तीकडे पाहत नव्हती. ती वाटाड्याच्या हाताकडे पाहत होती. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाली, "दगड तोच हाये की गं. बत्ती कुन्या बाजूनं धरली, तसं दिसतं. बत्ती आपल्या हाती पायजे."

अक्षर न येणाऱ्या माझ्या आईने दोन वाक्यांत मला सारे समजावले. चित्रकार, शाहीर, कॅसेटवाला, मालिकावाला, मोबाइलवाला, प्रत्येकाच्या हाती एक बत्ती आहे. काहींनी ती आपल्यासाठी धरली, आपल्याला उभे केले, त्यांचे ऋण आपण विसरू शकत नाही. काही जण आपल्याला हवे तिकडे वळवण्यासाठी ती धरतात. उजेड तर दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणून कालामांना तथागतांनी जे सांगितले, तेच आपल्या कामाचे आहे. ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः पारखा. मग आपल्या मोबाइलवर आले म्हणून स्वीकारायचे, असे कसे चालेल?

आता आमच्या वर्गात एक जाड वही ठेवली आहे. कोणाला बाबासाहेबांचे किंवा बुद्धांचे वचन मिळाले, तर ते त्या वहीत लिहायचे. शेजारी तीन रकाने आखले आहेत: ग्रंथ, खंड, पान. मुले तिला 'पावतीवही' म्हणतात. रकाने भरेपर्यंत ते वचन भाषणात घ्यायचे नाही, कोणाला पुढे पाठवायचे नाही. सुरुवातीला मुलांना हे जाचक वाटले. पण त्या निमित्ताने कपाटातले खंड खाली उतरले, त्यांच्यावरची धूळ गेली, हेही झाले. आपल्या घरी आणि विहारात अशी एक वही ठेवावी, अशी माझी वाचक बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.

ती मुलगी आता अकरावीला आहे. तिने स्पर्धा सोडल्या नाहीत, हे माझे भाग्य. मागच्या रविवारी मी वर्गात बोलता बोलता म्हणाले, "बाबासाहेबांनी सांगितले आहे, की..." तेवढ्यात मागच्या रांगेतून तिचा हात वर आला.

"ताई, पान नंबर?"

सगळी मुले हसली. मला पान आठवेना. मी खडू ठेवला आणि कपाटाकडे गेले.

जयभीम! नमो बुद्धाय!